दमाने घ्या : श्वास आणि श्रम यांच्या हिशेबाचा इतिहास

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास हिंगोलीहून औंढा नागनाथकडे किंवा वसमतकडे निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांतून धूर उठताना दिसतो. हे हळद शिजवण्याचे दिवस असतात. कुठे मोठ्या कढया असतात, तर कुठे वाफेवर चालणारे नवे कुकर. खाली लाकूड आणि पऱ्हाट्या जळत असतात. शिजलेली हळद उन्हात वाळते, मग फिरत्या पिंपात घालून तिला पॉलिश करतात, तेव्हा पिवळी धूळ उडते. घरोघरच्या चुलीचा धूर तर बारमाही असतो.

आमची आत्या याच भागातली, कळमनुरी तालुक्यातल्या एका खेड्यातली. तिने जन्मात कधी विडी ओढली नाही. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षे फुंकणीने चूल मात्र फुंकली. साठी उलटल्यावर तिला दम लागू लागला. छातीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा क्षय नव्हे आणि नेहमीचा दमाही नव्हे. श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत, फुप्फुसातले वायुकोश फाटले आहेत. या आजाराला सीओपीडी म्हणतात. औषधे सुरू झाली. घरातले सगळ्यात शिकलेले म्हणून पुढचा सल्ला आम्ही दिला, “आत्या, आता तू काही काम करायचं नाहीस. नुसतं बसून राहायचं.”

तिने ऐकले. दोन वर्षांनी ओसरीवरून न्हाणीपर्यंत जाताना तिला दोनदा भिंत धरावी लागत होती. “लेकरा, बसून बसून पाय मेले बघ माझे,” ती म्हणाली. आम्हाला वाटले, आजार वाढला. तपासणीत फुप्फुसाचे आकडे जवळजवळ पूर्वीचेच निघाले. मग बिघडले काय होते?

फुप्फुसाच्या रोग्याने श्रम करावेत की विश्रांती घ्यावी, हा प्रश्न निदान दीडशे वर्षे जुना आहे. त्याचे उत्तर लंबकासारखे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले आहे. त्या प्रवासाची ही हकिकत आहे.

डोंगर चढा की आडवे पडा?

एकोणिसाव्या शतकात फुप्फुसाचा रोग म्हटला की क्षयच डोळ्यांसमोर येई. जर्मन डॉक्टर हेर्मान ब्रेमर यांनी १८५०च्या दशकात सायलेशियाच्या डोंगरातल्या ग्योर्बर्सडॉर्फ या गावी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. ब्रेमर यांची समजूत अशी होती की क्षयरोग्याचे हृदय लहान असते, ते बळकट केले पाहिजे. म्हणून त्यांचे रोगी डोंगरवाटांनी चालत. मात्र ठरवून दिलेल्या चढावर आणि ठरवून दिलेले अंतरच. वाटेत बसायला बाके होती. दमण्याआधीच बसायचे, असा दंडक होता.

त्यांच्याकडेच रोगी म्हणून आलेले आणि पुढे त्यांचे साहाय्यक झालेले पेटर डेटवायलर यांनी मात्र उलटी दिशा धरली. १८७६ साली फाल्केनश्टाइन येथे त्यांनी आपले आरोग्यधाम उघडले. तिथे रोगी दिवसाचे कित्येक तास व्हरांड्यातल्या लांब खुर्च्यांवर आडवे पडून राहत. फुप्फुसाला विश्रांती मिळाली की जखम भरेल, हा त्यामागचा विचार. तो सहज पटण्यासारखा होता. मोडलेला हात आपण झोळीत ठेवतोच की!

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडले असे झाले नाही. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेला निघाल्या. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने त्यांचा पुण्यात मृत्यू झाला. त्या स्वतः डॉक्टर होत्या, पण त्या काळच्या कोणत्याही डॉक्टरच्या हाती त्यांच्यासाठी देण्यासारखे औषध नव्हते. हवापालट, सकस अन्न आणि विश्रांती, एवढाच काय तो इलाज.

तो इलाज करणारी ठिकाणे आपल्याकडे विसाव्या शतकात निघाली. अजमेरजवळ तिलौनिया येथे १९०६ साली एक आरोग्यधाम सुरू झाले. महाराष्ट्रात पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली ‘बेल-एअर’ सुरू केले. पाचगणीची हवा आणि क्षय यांची सांगड मराठी घरांतल्या बोलण्यात पुढे कितीतरी वर्षे टिकून होती.

टोपली, फावडे, कुदळ

इंग्लंडमध्ये मात्र एका डॉक्टरला निराळा प्रश्न पडला. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाने १९०५ साली सरे परगण्यात फ्रिम्ली येथे आरोग्यधाम उघडले. तिथे येणारे रोगी कामकरी वर्गातले होते. महिनोन्महिने आडवे पडून राहिलेला मजूर घरी गेला की त्याला कुदळ पेलत नसे. ‘बरा’ झालेला माणूस कामाच्या दृष्टीने निकामी झालेला असे. तिथले प्रमुख डॉक्टर मार्कस पॅटर्सन यांनी श्रमाच्या पायऱ्या बांधल्या. आधी थोडे चालणे, मग रोज थोडे अधिक. मग टोपलीतून माती वाहणे. ते जमले की लहान फावडे, नंतर मोठे फावडे आणि शेवटी कुदळ. ताप चढला किंवा भूक मेली की ताबडतोब थांबवून विश्रांती.

हे कशामुळे उपयोगी पडते याचे पॅटर्सन यांनी एक स्पष्टीकरणही दिले. श्रमामुळे जंतूंचे विष थोडे थोडे रक्तात उतरते आणि लस टोचल्यासारखा परिणाम होतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९११ साली त्यांनी यावर पुस्तकही लिहिले. ही उपपत्ती पुढे टिकली नाही. श्रमाने क्षय बरा होत नाही. पण त्यांच्या पद्धतीत जपून ठेवण्यासारखी एक गोष्ट होती. श्रमाची मात्रा औषधासारखी मोजून देता येते, माणूस पाहून ती वाढवता येते आणि कमीही करता येते. विज्ञानात असे अनेकदा घडते. कारण चुकीचे सांगितलेले असते, निरीक्षण मात्र खरे असते. वर्गात हे उदाहरण जरूर चर्चेला घ्यावे.

मद्रासचा निकाल

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले, तर क्षयावरचा आयसोनियाझिडचा उपयोग १९५२ साली कळला. आता औषधे होती, पण आरोग्यधामात खाटा पुरत नव्हत्या. भारतात लाखो रोगी होते. खाट मिळाली नाही तर औषध घरी देऊन भागेल का?

याचा छडा लावण्यासाठी १९५६ साली मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र उघडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो एकत्रित उपक्रम होता. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली रोग्यांचे दोन गट केले गेले आणि कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. एक गट आरोग्यधामात राहिला. तिथे चांगले अन्न होते, हवा होती, विश्रांती होती. दुसरा गट शहरातल्या दाटीवाटीच्या गरीब वस्तीत, आपापल्या घरी राहिला. औषधे दोघांनाही तीच.

१९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला. आरोग्यधामातल्या लोकांचे वजन अधिक वाढले होते, पण क्षय बरा होण्याच्या बाबतीत घरी राहिलेले लोक त्यांच्या बरोबरीला होते. घरच्यांना लागण होण्याचे प्रमाणही त्यामुळे वाढले नाही. औषध नियमित घेतले तर खाटेवर पडून राहण्याने रोग बरा होण्यात काही भर पडत नाही, हे सिद्ध झाले. जगभरची आरोग्यधामे पुढे हळूहळू बंद झाली. विश्रांतीच्या सिद्धांताचा हा पराभव भारतात झाला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हरकत नाही.

पण एक सवय मागे राहिली. ‘छातीचा रोग म्हणजे विश्रांती’ हे वाक्य लोकांच्या मनात इतके मुरले होते, की ते क्षयाला सोडून दुसऱ्याच रोगांना जाऊन चिकटले. आमच्या तोंडून आत्यासमोर जे निघाले ते हेच वाक्य होते.

छातीत अडकलेली हवा

सीओपीडीत नेमके काय होते ते आता पाहू.

स्वस्थ बसलेला निरोगी माणूस मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो. मिनिटाला १२ धरले, तर एका श्वासाच्या फेरीला ५ सेकंद मिळतात. त्यातले २ सेकंद आत घ्यायला, ३ सेकंद बाहेर सोडायला. आता हाच माणूस लगबगीने चढ चढू लागला आणि श्वास मिनिटाला ३० झाले, तर एका फेरीला २ सेकंदच उरतात. सोडायला जेमतेम एक सेकंद. निरोगी माणसाला तेवढा पुरतो, कारण छाती भरून घेतलेली हवा जोर लावून सोडली तर तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पहिल्याच सेकंदात बाहेर पडतो. हे मोजण्याची रीत फ्रान्समधील तिफनो आणि पिनेली यांनी १९४७ साली सुचवली.

सीओपीडीच्या रोग्याची श्वास सोडण्याची वाटच अरुंद झालेली असते. त्याला श्वास सोडायला कितीतरी अधिक वेळ लागतो. घाई केली की जुनी हवा पुरती बाहेर पडण्याआधीच नवा श्वास सुरू होतो. प्रत्येक फेरीत थोडी हवा आत शिल्लक राहते. बाजाराच्या दिवशी एकाच दारातून माणसे सावकाश बाहेर पडताहेत आणि आत शिरणारे मात्र थांबत नाहीत, तसे. छाती फुगतच जाते. फुगलेल्या छातीत आणखी हवा घेणे फार कष्टाचे. रोगी म्हणतो, “श्वास आत जात नाही.” खरे तर आधीचा बाहेर गेलेला नसतो.

करून पहा : छाती पूर्ण भरून श्वास घ्या. आता त्यातला अगदी थोडाच सोडा आणि पुन्हा थोडाच घ्या. असे वरच्या वरच श्वास घेत दहा पावले चाला. मग नेहमीसारखा श्वास सोडा. एवढ्या अर्ध्या मिनिटात जे वाटले, ते अशा रोग्याला दिवसभर वाटत असते. (दमा किंवा हृदयविकार असलेल्या विद्यार्थ्यांनी हे करू नये. चक्कर आल्यास कोणीही लगेच थांबावे.)

यावरून पहिला धडा मिळतो. श्रमाचा वेग श्वास सोडायला लागणाऱ्या वेळेवर बेतला पाहिजे. हळू चालले तर मधे वेळ मिळतो आणि छाती रिकामी होते. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडला तर श्वासनलिकांत थोडा दाब टिकतो आणि त्या अवेळी मिटत नाहीत. चूल फुंकताना तोंड जसे होते तसेच, फक्त जोर न लावता. ज्या क्रियेपायी आत्याने धूर गिळला, तीच सौम्य केली की तिच्या उपयोगाची होती.

श्वास मोजण्याची ही दृष्टी मराठी मुलखाला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया व प्राणायाम क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या कसोटीला लावायला सुरुवात केली. सावकाश रेचक, म्हणजे लांबवलेला उच्छ्वास, त्या परंपरेत आहेच. कुवलयानंदांचा आग्रह एवढाच होता की मोजल्याशिवाय दावा करू नये.

मग बसूनच का राहू नये?

हळू चालल्याने दम कमी लागतो, तर न चालल्याने लागणारच नाही, असे कोणालाही वाटेल. आमची चूक इथेच झाली होती.

न वापरलेला स्नायू झिजतो. झिजलेल्या स्नायूला प्राणवायूचा नीट उपयोग करता येत नाही, त्यामुळे थोड्याशा कामातही त्यात लॅक्टिक आम्ल साठू लागते. हे आम्ल रक्तात मिसळले की कर्बवायू जास्त तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वास वाढवावा लागतो. म्हणजे पाय दुबळे झाले की तेवढ्याच कामासाठी फुप्फुसाला जास्त राबावे लागते. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसतो म्हणून पाय झिजतात आणि पाय झिजले म्हणून आणखी दम लागतो. आत्याचे “पाय मेले” हे शब्द म्हणजे अचूक निदान होते. आम्ही ते ऐकले नाही.

न्यूयॉर्कचे डॉ. ॲलव्हन बाराख यांनी १९५२ साली लिहिले होते की अशा रोग्यांना हळूहळू व्यायाम दिला तर खेळाडूंप्रमाणे त्यांचीही ताकद वाढू शकेल. फार थोड्यांनी लक्ष दिले. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरी डॉ. टॉमस पेटी यांनी अशा रोग्यांसाठी श्वसनाचे शिक्षण, व्यायाम आणि प्राणवायू यांचा एकत्र कार्यक्रम चालवून दाखवला. पुढे १९९१ साली रिचर्ड कासाबुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले की व्यायामाच्या सरावानंतर तेवढेच काम करताना रोग्याच्या रक्तात लॅक्टिक आम्ल कमी साठते आणि श्वासही कमी लागतो. कोडे सुटले. फुप्फुस तेच राहते, पण त्याच्यावरचा बोजा हलका होतो.

२०१५ साली अशा ६५ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत ३८२२ लोक होते. दम, थकवा, चालण्याची क्षमता आणि रोजचे जगणे या सगळ्यांत स्पष्ट सुधारणा दिसली.

मोजायचे कसे?

हे सारे मोजायला फार महाग यंत्रे लागत नाहीत. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली जवानांसाठी बारा मिनिटे धावण्याची चाचणी सुचवली. १९७६ साली एडिंबरोत मॅकगॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी तिचेच रूप बदलून फुप्फुसाच्या रोग्यांसाठी बारा मिनिटे चालण्याची चाचणी केली. १९८२ साली बटलंड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सहा मिनिटेही पुरतात. सपाट जागेवर ३० मीटरचे अंतर आखायचे, सहा मिनिटांत किती चालणे झाले ते नोंदवायचे. वाटेत थांबायला पूर्ण मुभा. शाळेच्या पटांगणात किंवा व्हरांड्यात हे सहज आखता येते.

दुसरे मोजमाप त्याहून साधे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी १९८२ साली शून्य ते दहा अशी एक पट्टी दिली. शून्य म्हणजे दम अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतका. रोग्याने स्वतःच आकडा सांगायचा. तीन-चारच्या आसपास राहून चालावे, त्यापुढे गेले तर वेग कमी करावा. आकड्यांची सवय नसेल तर दुसरी खूण आहे. चालता चालता सोबत्याशी एखादे वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की थांबावे.

बाकीचे नियम घरगुती आहेत. वजन उचलताना श्वास रोखू नये, उचलताना तो सोडावा. पायरीपाशी उभे राहून श्वास घ्यावा आणि सोडत सोडत दोन पायऱ्या चढाव्यात. औंढ्याच्या देवळात गाभारा तळघरात आहे, तिथल्या अरुंद पायऱ्यांवर मागच्या गर्दीसाठी घाई करू नये. भाकरी उंच ओट्याशी स्टुलावर बसून कराव्यात. पूर्ण घागर एकदम आणण्यापेक्षा कळशीच्या दोन खेपा कराव्यात. दम लागला तर पुढे वाकून हात मांड्यांवर टेकावेत. आणि मुख्य म्हणजे दम लागण्याआधी थांबावे. वारीच्या वाटेवर विसाव्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. कोणी कोसळल्यावर विसावा शोधत नाहीत, म्हणून तर पालखी पंढरपूरला पोचते.

मात्र हे सुरू करण्याआधी डॉक्टरांची तपासणी हवीच. छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, ताप येणे, बेडका अचानक वाढणे ही थांबून दवाखान्यात जाण्याची लक्षणे आहेत. क्षय चालू असेल तर आधी त्याची औषधे पूर्ण झाली पाहिजेत.

शिक्षकांना का सांगायचे?

लॅन्सेट या नियतकालिकात २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी लिहिले की जगातल्या सीओपीडीच्या रोग्यांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीही धूम्रपान केलेले नसते. लाकूड, गोवऱ्या, पिकांचे काड यांच्या धुराशी तेव्हा सुमारे तीनशे कोटी लोकांचा संबंध येत होता. म्हणजे आमची आत्या अपवाद नव्हती. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरीही अशी एखादी आजी ओसरीवर बसलेली असेल आणि सगळे प्रेमाने तिला बसवून ठेवत असतील. खेड्यात छातीचे तज्ज्ञ दूर असतात, शाळा मात्र जवळ असते. घड्याळ पाहून आजीबरोबर सहा मिनिटे चालणे नातवाला नक्की जमेल.

आत्याच्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी तिला दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत चालायला सांगितले. तिथे बाज टाकलेली असे. दोन मिनिटे चालायचे, एक मिनिट टेकायचे. महिन्याभराने ती बाज पुढे, मारुतीच्या पाराजवळ सरकली. तिच्या फुप्फुसाचे आकडे अखेरपर्यंत सुधारले नाहीत. ते सुधारणार नव्हतेच. पण त्या वर्षीच्या दिवाळीला ती गल्लीच्या टोकापर्यंत, लेकीच्या घरी स्वतःच्या पायांनी गेली. मधे तीनदा थांबली.

आम्ही हात धरायला पुढे झालो, तेव्हा तिने तो बाजूला केला. “धरू नको. दमानं घेते मी.”

मराठीत ‘दम’ म्हणजे श्वास, ‘दम’ म्हणजे ताकद आणि ‘दमाने घेणे’ म्हणजे सबुरीने पुढे जाणे. दीडशे वर्षांच्या प्रयोगांनी जे शिकवले, ते एवढ्या एका शब्दात मावते.